पट्टकादंबांच्या घरी एक रात्र

मुलांनो, माझी शाळा उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी आहे. करमाळा तालुक्यातली, दोन खोल्यांची, पुढे मोठं लिंबाचं झाड असलेली. दर वर्षी दिवाळी उलटली, गव्हाला पाणी सुरू झालं, की आमच्याकडे पाहुणे येतात. आधी पत्र नाही, फोन नाही. सकाळी परिपाठ चालू असतो आणि डोक्यावरून 'आंग्... आंग्...' असा आवाज जातो. सगळी मुलं प्रार्थना विसरून वर बघतात. मीही बघते. रागवायचं कुणाला?

हे पाहुणे म्हणजे पट्टकादंब. अंग राखाडी, डोकं पांढरं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. जणू कुणी खडूच्या ऐवजी कोळशानं दोन रेघा ओढल्यात. हरभऱ्याचा कोवळा पाला त्यांना फार आवडतो. शेतकरी जरा कुरकुरतात, पण 'लांबून आलेत बिचारे' असंही म्हणतात. मार्च सरता सरता हे पाहुणे निघून जातात.

एकदा तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, हे उन्हाळ्यात कुठं राहतात?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं, "हिमालयापलीकडे. लडाख, तिबेट, मंगोलिया इथल्या सरोवरांकाठी."

"पण बाई, त्यांचं घर कसं असतं?"

आता आली का पंचाईत! ते घर मी पाहिलंच नव्हतं. मग ठरवलं, की एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आपणच त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जायचं. गेलेही. मी, माझा दादा, वहिनी आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. ती हकिकत आज तुम्हाला सांगणार आहे. आधीच कबूल करते, की पाहुणी म्हणून मी काही फारशी शहाण्यासारखी वागले नाही. पण मास्तरीणबाईंच्या चुका ऐकायला मुलांना भारी मजा येते, हे मला ठाऊक आहे!

पाणी आहे, तरी वाळवंट

आम्ही गेलो त्या सरोवराचं नाव त्सो मोरीरी. लडाखी भाषेत 'त्सो' म्हणजे सरोवर. समुद्रसपाटीपासून ते साडेचार हजार मीटरहून उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? बरोबर, कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे हे सरोवर कळसूबाईच्या जवळजवळ पावणेतीन पट उंचीवर आहे. काठ सोडून वर पाहिलं, तर सहा हजार मीटरच्या पुढची बर्फाची शिखरं असतात ती वेगळीच.

आणि एवढं पाणी असूनही हा प्रदेश वाळवंट आहे बरं का! वाळवंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे उंट आणि तापलेली वाळू येते. पण वाळवंट ऊन किती यावरून ठरत नाही, पाऊस किती यावरून ठरतं. आमच्या सोलापूर भागात वर्षाला साधारण पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आम्ही त्याला दुष्काळी भाग म्हणतो. लेह शहरात पडतो अवघा शंभर मिलिमीटरच्या आसपास! कारणही आपल्या ओळखीचंच आहे. पावसाळी ढग सह्याद्रीला अडतात आणि त्यामागच्या पठाराला पाऊस कमी पडतो. तसेच ते हिमालयाला अडतात आणि पलीकडचं लडाख कोरडं राहतं. फरक एवढाच, की हिमालय सह्याद्रीपेक्षा कितीतरी उंच, म्हणून तिकडचा कोरडेपणाही तेवढाच कडक.

मग सरोवरात पाणी आलं कुठून? बर्फ वितळून येणाऱ्या ओढ्यांतून आणि झऱ्यांतून. हे पाणी आत येतं, पण बाहेर जायला त्याला वाटच नाही. उन्हानं वाफ होऊन जातं तेवढंच. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात, म्हणून पाणी मचूळ लागतं. आपल्या लोणारच्या सरोवरालाही बाहेर जायला वाट नाही, आठवतं ना?

'आत आलेलं बाहेर जात नाही' हे वाक्य जरा लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

आचो-लेंचं न ऐकलेलं म्हणणं

लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे आम्ही दोन दिवस नुसते बसून, हळूहळू चालून काढले. ते का? उंचावर हवा विरळ होते. त्सो मोरीरीच्या काठी एका श्वासात जो प्राणवायू मिळतो, तो आपल्या समुद्रकाठच्या मानानं निम्म्याहून थोडाच जास्त असतो. शरीर त्यावरही तोड काढतं. श्वास भराभर होतो, रक्तातल्या तांबड्या पेशी हळूहळू वाढतात. पण त्याला वेळ लागतो. शरीराला घाई चालत नाही.

आमच्या गाडीचे चालक लडाखीच होते. तिकडे थोरल्या भावाला 'आचो' म्हणतात आणि आदरानं पुढे 'ले' जोडतात. म्हणून आम्ही त्यांना आचो-ले म्हणू लागलो. निघताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

"वाटेत चुमाथांगला एक रात्र थांबू या. ते चार हजार मीटरच्या आसपास आहे. एकदम हजार मीटर चढून झोपणं बरं नाही. आणि मॅडमजी, कुकर घ्या बरोबर."

दादा म्हणाला, "सुट्टी थोडी उरलीय. हिची शाळा पंधरा जूनला भरते. एक दिवस वाया कशाला?" मी म्हटलं, "आणि कुकरचं ओझं कशाला? पातेलं आहे की!"

आचो-ले काही बोलले नाहीत. नुसते हसले.

सिंधू नदीच्या काठाकाठानं रस्ता जातो. उपशी, मग चुमाथांग. इथे नदीच्या अगदी कडेला गरम पाण्याचे झरे आहेत, जमिनीतून वाफा निघताना दिसतात. पुढे माहेचा पूल ओलांडला, की सिंधू मागे राहते. मग नामशांग ला नावाची खिंड, तिच्यापलीकडे एक छोटं निळं सरोवर, आणि शेवटी तब्बल दोनशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास झाल्यावर एका वळणावर त्सो मोरीरी दिसतं.

मुलांनो, खरं सांगते, गाडीत कुणी बोललं नाही. सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीचं पाणी! जवळ हिरवट, मग निळं, मग गडद निळं. भोवती तपकिरी, पिवळे, जांभळट डोंगर. झाड मात्र औषधालाही नाही.

घर बांधलं, पण दगडांनी

सरोवराकाठी कोरझोक नावाचं एक गाव आहे. जुना बौद्ध मठ, थोडी घरं, जवाची छोटी छोटी शेतं. सरोवराच्या अगदी काठावर तंबू ठोकायला मनाई आहे, कारण काठाची दलदल आणि गवत ही पक्ष्यांची जागा. गावाजवळ नेमून दिलेल्या मोकळ्या जागेत आम्ही उतरलो. दिवा नाही, नळ नाही, खोली नाही. जे काही ते आपण आणलेलं.

दुपारनंतर तिथे रोज वारा सुटतो. तंबू उभा करायला घेतला आणि त्यानं पतंगासारखं उडायलाच सुरुवात केली! जमीन दगडगोट्यांची, खुंट्या आत जाईनात. शेवटी भाच्यानं युक्ती काढली. मोठे धोंडे गोळा केले आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. वहिनी आत जाऊन बसल्या, म्हणजे तंबूला वजन! असे आम्ही घरवाले झालो.

थोड्या अंतरावर चांगपा लोकांचे काळे तंबू होते. चांगपा म्हणजे या पठारावरचे मेंढपाळ. शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन ते चाऱ्यामागे फिरत राहतात. त्यांच्या शेळ्यांच्या अंगावरची मऊ लोकर म्हणजेच प्रसिद्ध पश्मिना. याकच्या केसांपासून विणलेल्या त्यांच्या तंबूला 'रेबो' म्हणतात. आमचा तंबू वाऱ्यात फडफडत होता. रेबो मात्र दगडासारखा स्थिर. मनात म्हटलं, आपण एक रात्र राहणार म्हणून केवढा गाजावाजा करतोय, आणि ही माणसं इथेच जन्म काढतात!

पिण्याचं पाणी आम्ही मोठ्या डब्यांतून आणलं होतं. प्रत्येकाला किती मिळणार, याची वाटणी झाली. तोंड धुवायला एक पेला. हो, एकच! आंघोळ नाही, हे ऐकून भाचा जाम खूश झाला.

आणि संडास? हसू नका, हा मोठा महत्त्वाचा प्रश्न आहे. लडाखी घरांत पाण्याशिवायचा संडास असतो. वरच्या खोलीत जायचं, वापर झाला की फावड्यानं माती लोटायची. खाली जमा झालेल्याचं सावकाश खत होतं आणि ते शेतात जातं. गावातल्या एका घरच्या आजींना थोडे पैसे देऊन आम्ही त्यांचा संडास वापरला. आजींना तिकडे 'आबी-ले' म्हणतात. या आबी-ले पुढे पुन्हा येणार आहेत.

न शिजलेली खिचडी

संध्याकाळी गॅसच्या छोट्या शेगडीवर खिचडी ठेवली. तांदूळ आणि तुरीची डाळ. पाणी चांगलं खदखदायला लागलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, तास झाला. डाळ कचकच वाजतेच आहे!

चौथीच्या वर्गात मी किती वेळा शिकवलंय, की पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. पण ते समुद्रसपाटीजवळ! वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. त्या उंचीवर साधारण ८५ अंशांनाच. एकदा उकळायला लागलं, की मग जाळ कितीही मोठा करा, ते आणखी तापत नाही. नुसती वाफ होते आणि गॅस संपतो. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, म्हणून पाणी जास्त तापतं आणि डाळ शिजते. आचो-ले कुकर घ्या म्हणाले होते ते एवढ्यासाठी. शिकवणारी मी, आणि धडा विसरणारीही मीच!

कुणालाच ती खिचडी जाईना. मला तर भूकच नव्हती. डोकं जड झालं होतं. जवळजवळ पातेलंभर खिचडी उरली.

"पुरून टाकू," मी म्हटलं. "खत होईल."

भाच्यानं खड्डा खणायला मदत केली. माती सारखी करताना तो म्हणाला, "आत्या, इथं गांडुळं आहेत का?"

"असतील की," मी म्हटलं आणि विषय संपवला.

नव्हती. एकही दिसलं नव्हतं. मुलांनो, प्रश्न बरोबर होता आणि उत्तर चुकीचं. मोठ्यांचं असं पुष्कळदा होतं.

रात्र

सूर्य डोंगराआड गेला आणि कुणीतरी बर्फाचं कपाट उघडावं तशी थंडी आली. जूनचा पहिला आठवडा, इकडे आपल्याकडे घामाच्या धारा, आणि तिथे रात्री पेल्यातलं पाणी गोठतं! हवा विरळ आणि कोरडी, वर ढगांची गोधडी नाही. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब भराभर आकाशात निघून जाते.

माझं डोकं आता ठणकायला लागलं होतं. मळमळत होतं. हे विरळ हवेच्या त्रासाचं लक्षण आहे, हे मी वाचलेलं होतं. लेहमध्येही सांगितलं होतं, की असं काही वाटलं तर लगेच बोला. वर्गात मी रोज काय सांगते? 'पोटात दुखलं, चक्कर आली, तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही.' आणि मी काय केलं? लपवलं. का? तर यायचा हट्ट माझाच होता. सगळ्यांची सहल आपल्यामुळे बिघडेल असं वाटलं. शिवाय, खोटं कशाला बोलू, लाजही वाटली.

मध्यरात्री तंबूबाहेर येऊन मी ओकले. मग तशीच दगडावर बसून राहिले. वर पाहिलं, तर आकाशगंगेचा पट्टा एवढा स्पष्ट, की पाण्यातही त्याची फिकट रेघ दिसत होती. एवढं सुंदर आकाश मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आणि पाहायला डोकं मात्र धड नव्हतं. तरीही कुणाला उठवलं नाही.

सकाळी काय दिसलं?

उजाडलं तेच कुत्र्यांच्या गुरगुरण्यानं. बाहेर येऊन बघतो तर पुरलेली खिचडी उकरून ठेवलेली! तीन-चार दांडगी कुत्री भांडत होती. शितं सगळीकडे पसरलेली.

खाणं संपल्यावर त्यातलं एक कुत्रं काठाच्या दलदलीकडे निघालं. दादानं दुर्बीण लावली आणि एकदम म्हणाला, "अरे, तिकडे क्रौंच आहे!"

काळ्या मानेचा क्रौंच! तिसरी-चौथीतल्या मुलाएवढा उंच पक्षी. अंग राखाडी-पांढरं, मान काळी, डोक्यावर लाल टिळा. २०२१ साली लडाखनं त्याला आपला राज्यपक्षी ठरवलं. हा क्रौंच वर्षाला दोनच अंडी घालतो, तीही दलदलीतल्या छोट्याशा उंचवट्यावर, उघड्यावर. दुर्बिणीतून दिसत होतं, की मादी किंवा नर, दोघं सारखेच दिसतात, घरट्यावर बसलाय. दुसरा जवळ उभा आहे. आणि कुत्रं नाक जमिनीला लावून त्याच दिशेला चाललंय.

उभा असलेला क्रौंच पंख पसरून कर्कश ओरडू लागला. बसलेलाही उठला. आम्ही इकडे नुसते 'हाड हाड' करतोय. एवढ्या लांब आवाज कसला पोचणार? पळत जावं तर दहा पावलांत धाप लागते.

तेवढ्यात 'सण्ण' असा आवाज झाला आणि कुत्र्याच्या पुढ्यात एक दगड आदळला. कुत्रं दचकून वळलं. दुसरा दगड त्याच्या मागच्या बाजूला. कुत्रं धूम पळालं. पाहतो तर आबी-ले! हातात लोकरीची विणलेली गोफण. हो, अगदी आपली ज्वारीच्या राखणीची असते तशीच गोफण! चांगपा लोक मेंढरं वळवायला ती वापरतात.

क्रौंच बराच वेळ मान उंच करून उभा राहिला. मग पाय दुमडून हळूच घरट्यावर बसला. तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

आबी-ले आमच्याकडे आल्या. त्यांनी खड्डा पाहिला. आम्हाला वाटलं, आता चांगल्या रागावणार. त्या रागावल्या नाहीत. लडाखीत काहीतरी बोलल्या, आणि आचो-लेंनी ते आम्हाला सांगितलं, "आबी-ले म्हणतात, काल मला दिलं असतं, तर माझ्या गाईनं खाल्लं असतं."

बस्स, एवढंच. पण मुलांनो, मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मग आचो-लेंनी समजावलं. भटकी कुत्री पूर्वी इतकी नव्हती. माणसांच्या वस्त्यांपाशी, छावण्यांपाशी उरलंसुरलं अन्न मिळतं, त्यावर ती वाढली. हिवाळ्यात पर्यटक जातात, अन्न बंद होतं, पण कुत्री तिथेच असतात. मग भुकेली कुत्री शेळ्यामेंढ्यांवर, पक्ष्यांच्या अंड्यांवर, पिलांवर जातात. आपल्याला वाटतं, एक पातेलं खिचडी! पण असं वाटणारे आपण एकटे नसतो.

आणि पुरलं तर का कुजत नाही? कुजवण्याचं काम करणारे बारीक जीव असतात. त्यांना ओल लागते, ऊब लागते. आमच्या शेतात केळ्याचं साल आठ-पंधरा दिवसांत मातीत मिसळून जातं. तिथे ओल नाही, ऊब नाही, गांडूळ नाही. टाकलेली वस्तू वर्षानुवर्षं तशीच राहते. 'आत आलेलं बाहेर जात नाही' हे वाक्य नुसतं सरोवराच्या पाण्याला लागू नाही, तिथे आपण नेलेल्या प्रत्येक गोष्टीला लागू आहे. उचलून परत आणाल, तरच ती जाते.

उतरायचं तर आधी चढायचं

इतक्यात भाचा आचो-लेंना म्हणाला, "आत्या काल जेवली नाही. आणि तंबूमागे कुणीतरी ओकलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मात्र मी सगळं सांगून टाकलं.

आचो-लेंचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. "मॅडमजी, रात्री मला उठवायचं. गाडी त्यासाठीच आहे." त्यांनी मला सरळ रेषेत दहा पावलं चालून दाखवायला सांगितलं. तोल जात नव्हता, नुसतं बसल्या जागी धापही लागत नव्हती, हे माझं नशीब. तोल जाणं, स्वस्थ बसूनही दम लागणं, भान हरपणं ही फार धोक्याची लक्षणं. मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येते आणि माणूस दगावूही शकतो. अशा वेळी थांबायचंच नाही, ताबडतोब खाली उतरायचं. माझ्यासारखा त्रास रात्रीतून वाढत चालला असेल, तरीही उत्तर तेच, खाली उतरणं.

आम्ही दोन रात्री राहणार होतो. एकच राहिलो. सरोवराच्या दुसऱ्या टोकाकडे जायचं राहून गेलं. भाचा हिरमुसला, पण एका शब्दानं बोलला नाही. निघण्याआधी आम्ही पाचही जणांनी वाकून वाकून खिचडीची शितं, डाळीचे दाणे वेचले. विरळ हवेत वाकून दाणे वेचणं म्हणजे काय, ते करून बघायला हवं! दर दोन मिनिटांनी थांबायचं आणि माशासारखा तोंडानं श्वास घ्यायचा. ती पिशवी, सगळे कागद, रिकामा गॅसचा डबा, सगळं गाडीत घेतलं. चार धोंडे जिथून उचलले होते तिथे नेऊन ठेवले.

गंमत म्हणजे, खाली उतरायला आधी नामशांग ला ही सरोवराहून उंच खिंड चढावी लागते. तो अर्धा तास मला फार जड गेला. पण चुमाथांगला पोचून थोडं पडले आणि संध्याकाळपर्यंत डोकं मोकळं! पाचशे मीटर उतरण्यानं एवढा फरक. ज्या गावी आदल्या दिवशी थांबायला आम्हाला वेळ नव्हता, त्याच गावी शेवटी मुक्काम पडला.

आणि ज्यांच्यासाठी गेलो, ते पट्टकादंब? दिसले ना! खिंडीकडे वळण्यापूर्वी गाडी थोडी थांबवली. काठाजवळच्या पाण्यात पाच-सहा जोड्या संथ पोहत होत्या. तेच पांढरं डोकं, तेच दोन पट्टे. आमच्या गावाला येणारे नेमके हेच असतात, असं काही मी सांगू शकत नाही. पण जात तीच. या पक्ष्याचं रक्त विरळ हवेतलाही प्राणवायू चांगला धरून ठेवतं. हिमालय ओलांडताना तो सात हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. मी साडेचार हजारांवर बसून डोकं धरते, आणि हा सात हजारांवर पंख मारतो!

करून पाहा

दोन कुंड्या घ्या. एकीत बागेतली काळी माती घालून ती ओली ठेवा. दुसरीत उन्हात वाळवलेली कोरडी वाळू घाला, तिला पाणी द्यायचं नाही. दोन्हींत केळ्याच्या सालीचा एकेक तुकडा आणि गोळीचा एकेक चकचकीत कागद पुरा. दर रविवारी उकरून बघा आणि वहीत लिहा. महिन्यानं वही चाळलीत, की त्सो मोरीरीच्या काठी काय होतं ते मी न सांगता तुम्हाला कळेल. ओल्या मातीतला चकचकीत कागद बघायलाही विसरू नका. तो आपल्याकडेही जात नाही!

त्सो मोरीरी २००२ साली 'रामसर' यादीत आलं. पाणथळ जागा जपण्यासाठी १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याची ही यादी. आपलं लोणार त्या यादीत २०२० साली आलं. यादीत नाव आलं म्हणजे जागा आपोआप जपली जाते, असं मात्र नाही. ती जपली जाते आबी-लेंच्या गोफणीनं आणि पाहुण्यांच्या पिशवीनं.

तुमच्यापैकी कुणी ना कुणी उद्या तिथे जाईल. जरूर जा. वाटेत एक रात्र जास्त थांबा. कुकर न्या. डोकं दुखलं तर मोठ्यानं सांगा, आणि बरोबरच्या माणसानं जेवण टाकलं तर माझ्या भाच्यासारखं लक्ष ठेवा. उरलेलं अन्न आबी-लेंच्या गाईला द्या. उरलेला कचरा पिशवीत भरून परत आणा.

आणि लडाखला जायला अजून वेळ असेल, तर येत्या हिवाळ्यात आमच्या फुगवट्यावर या. मागच्या वर्षी परिपाठाला पहिला थवा आला, तेव्हा तीच प्रश्न विचारणारी मुलगी, आता चौथीत गेलेली, सगळ्यांआधी पळाली. मला वाटलं पक्षी बघायला. ती काठावर पडलेल्या फरसाणाच्या रिकाम्या पिशव्या गोळा करत होती. म्हणाली, "बाई, पाहुणे आलेत ना!"